रुप्याचं पाणी आणि घरची केळ

माझं माहेर दोडामार्गच्या पलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात, आणि सासर लाटंबार्से, म्हणजे गोव्यात, पण मधे काय समुद्र नाय, चालत येण्यासारखं. लग्नात आई रडली, म्हणाली दुसऱ्या राज्यात देतोय पोरीला, आणि मग आठवडा झाला नसेल तर ती चालत आली आणि नारळ देऊन चहा पिऊन परत गेली. तर असं ते दुसरं राज्य. नाव माझं सुमन, इथे सगळी सुमा म्हणतात. शाळा मराठीतून शिकले, घरात बोलते ते आमचं इथलं, अर्धं मालवणी अर्धं कोकणी, आणि कामावर सगळ्या वस्तूंची नावं इंग्रजीत, त्यामुळे काय सांगू तुम्हाला बाय, माझ्या तोंडात तिन्ही एकदम येतात, लिहिताना तुम्ही सरळ करून घ्या.

आमचे हे आधी पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद झाली, मग चालू होणार म्हणाले, मग परत बंद, ट्रक दारात उभा राहून त्याच्या चाकांवर वेली चढल्या. आता पेडण्याला विमानतळ झाला तिकडे ते गाडी चालवतात. त्या मधल्या काळात मी कामाला लागले. डिचोलीच्या बाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एक लॅब आहे, तिथे बाटल्यांत झाडं वाढवतात. मला वाटलं औषधांचा कारखाना असेल, कारण सगळी पांढरे डगले घालून, तोंड बांधून. पहिले कितीतरी महिने मी फक्त बाटल्या धुतल्या. काचेच्या, लोणच्याच्या असतात तशा रुंद तोंडाच्या. धुवायच्या, सुकवायच्या, त्यांत ते जेलीसारखं खाणं ओतायचं, मग मोठ्या कुकरात वाफवायच्या. कुकर म्हणजे माणूस बसेल एवढा. मग मला आत घेतली, कापायला. आत एक पेटी असते, तिच्यातून गाळलेला वारा सतत आपल्या अंगावर येतो, त्या वाऱ्यात हात घालून झाडाचा कोंब चिमटीत धरायचा, सुरीने कापायचा, बाटलीत टोचायचा, झाकण लावायचं. एका कोंबाचे दोन, दोनाचे चार, अशी ती वाढतात. माती नाय, ऊन नाय. मी घरी येऊन सांगितलं तर आये म्हणाली, मगे ती झाडां न्हय, ती लोणच्यातली कैरी.

आये म्हणजे माझी सासू. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाय. आमचं कुळागर आहे खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला, माडपोफळी, मिरीचे वेल, आणि त्यांच्या मधे मधे केळी. त्या केळी आयेच्या. तिच्या सासूने लावलेल्या, त्या सासूने कुठून आणल्या ते कोणाला माहीत नाय. त्या केळीला नाव पण नाय. बाजारात सालदाटी म्हणून मिळते ती न्हय, रसबाळी पण न्हय. आम्ही घरची म्हणतो, बस. आखूड, जाड, साल पिवळी झाली तरी देठाकडे हिरवी राहते, आत जरा केशरी झाक, आणि गोड खाता खाता शेवटी जिभेवर थोडी आंबट लागते. चवथीला गणपतीवर माटोळी बांधतो ना आम्ही, रानातली फळं, सुपारीची कात्रं, सगळं टांगतो, तिच्यात मधोमध ह्या घरच्या केळीचा घड पाहिजेच. गावात कोणी मागितला कोंब तर आये द्यायची नाय. कंजूष न्हय हां ती, नारळ वाटेल, मिरी वाटेल, पण केळीचा कोंब नाय.

मग हत्ती आला.

तुम्ही पेपरात वाचलं असेल, तिळारीकडून हत्ती उतरतात ते. आईचा सकाळी फोन आला, सुमन, हत्ती आमच्याकडून गेलो हां, तुमच्या बाजूक उतरलो. पाव्हणा येतोय असं सांगावं तसं. मी हसले. आणि खाली कुळागरात जाऊन बघते तर काय सांगू तुम्हाला. पोफळी उभ्या, माड उभे, आणि केळी एक नाय. हत्तीला केळीचा आतला गाभा आवडतो, तो सोलून सोलून खाल्लेला, बाकीचं चिखलात तुडवलेलं, खालचे कंदसुद्धा ठेचलेले. बांध पडलेला. आये आधीच तिथे येऊन बसली होती, हातात कोयती, कोयती कशाला ते तिला पण माहीत नसेल. फॉरेस्टवाले आले, फोटो काढले, गेले. आयेने ठेचलेल्या कंदांतून जरा बरे कोंब निवडून परत लावले, पण ते आतून कुजले. एक काढला, कुजका, दुसरा काढला, कुजका. ती काय बोलायची नाय. चुलीपुढे बसायची आणि बसूनच राहायची. जेवण आम्ही करायचो, ती पानावर बसून उठायची.

उरले होते थोडेसेच कोंब, ते पण कसेबसे. मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे डॉक्टर, पण सुई देणाऱ्या न्हय, झाडांच्या. मी विचारलं, आमच्या घरची केळ बाटलीत वाढेल काय? त्या म्हणाल्या, आण बघू. मग घरी आयेला समजावणं. कोंब लॅबमध्ये देणार म्हटल्यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काय मी तिचं मूलच मागितलं. शेवटी ह्यांनी सांगितलं, आये, हंय ठेवलंस तर कुजतले, थंय दिलंस तर कायतरी होयत. तिने फडक्यात बांधून दिले. म्हणाली, पाण्यात बुडवू नको हां. आणि मी लॅबमध्ये नेऊन पहिल्यांदा काय केलं, तर औषधाच्या पाण्यात बुडवले. नियमच आहे तो.

मी स्वतः कापले. जीव लावून कापले. दोन दिवस बाटल्या छान, मग जेलीत कोंबाच्या भोवती दुधासारखं कडं दिसायला लागलं. पांढुरकं, ढगासारखं. ती खराब बाटली. जंतू शिरले की जेलीतली साखर खाऊन ते माजतात आणि झाड मरतं. एक गेली, चार गेल्या, ट्रेच्या ट्रे गेले. परत कापले, परत ढग. आमच्यात प्रमिला म्हणून होती, मुळगावची, ती म्हणाली, सुमा, काय बायकांचा हात गरम असता, तेंच्या हातचा लोणचा टिकना नाय. मनाने वाईट नाय ती, पण बोलली. आणि मॅडम फक्त म्हणाल्या, सुमन, थोडे दिवस तू बाटल्यांकडेच बस. म्हणजे परत धुवायला.

तेव्हा मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाय. मी हात घासायची, कोपरापर्यंत, साल निघेपर्यंत. घरी आयेला म्हटलं, माझ्या हातात काय दोष आहे काय? ती पहिल्यांदा जरा जागी झाल्यासारखी बोलली. बरणी दाखवली मला, म्हणाली, गेल्या वर्साचा लोणचा तुझ्याच हातचा, बघ मगे, बुरशी आसा? नव्हती. पण लोणचं वेगळं आणि ते वेगळं, मला कळत होतं, आणि तरी ती बरणी बघून मला बरं वाटलं. 

मग मॅडमनी आमची केळ स्वतःच्या हाताने कापली. पोटातल्या मुलाचं ऑपरेशन करावं तशा हळू. त्यांच्या बाटल्यांत पण ढग. आणि त्याच पेटीत त्यांनी मला अननस कापायला बसवली, माझे अननस स्वच्छ. त्यांनी मला बोलावलं, म्हणाल्या, सुमन, तुझ्या हातात काही नाही गं, जे आहे ते त्या केळीच्या आतच आहे. बाहेरून कितीही धुवा, ते आतल्या रसात राहतंय. त्या माझी माफी मागत होत्या, आणि मला मात्र कळेना की आनंद मानू की काय मानू. हात सुटले माझे, पण दोष आला आमच्या केळीवर. मी घरी तसंच सांगितलं, विचार न करता, आये, घाण आमच्या केळीतच आसा म्हणतत. बाय, ती जी उसळली! इतके दिवस मुकी बसलेली बाई. माझ्या केळीत घाण? त्या केळीवर माझी पोरां वाडली, तुझो घोव वाडलो, घाण आसती तर आमी सगळी मेली नसतो? सांग तुझ्या मॅडमीक.

मी सांगितलं मॅडमना, जरा गोड करून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सासूबाईंचं बरोबर आहे, ती घाण नव्हे. झाडाच्या आत राहणारे जीव आहेत, बाहेर मातीत असताना झाडाला त्रास देत नसतील, कदाचित मदतच करत असतील, पण बाटलीत साखर बघून ते शेफारतात. मी म्हटलं, मदत करतात तर मारायचे कशाला? त्या म्हणाल्या, नाही मारले तर केळ मरते. आता ह्यातलं कोण खरं? मी त्या दिवशी बसमधे बसून हाच विचार करत होते आणि माझा थांबा निघून गेला.

मग ते रुप्याचं पाणी. मॅडम म्हणाल्या आता चांदी वापरून बघू, चांदीचे अगदी बारीक कण. आयेला ऐकून जरा बरं वाटलं, चांदी म्हणजे चांगली वस्तू, लहान पोराला चांदीच्या वाटीतून पाजतात, कमरेला साखळी बांधतात. तिला वाटलं मॅडम साखळी उगाळणार. तसं काय नव्हतं. काळ्या बाटलीत पांढरे खडे होते, मिठासारखे, त्यांचं पाणी केलं, आणि दुसरीकडे तुळशीची पानं उकळून गाळून घेतली. तुळस मीच आमच्या अंगणातून नेली होती. ते तुळशीचं पाणी ह्यात ओतलं आणि आम्ही सगळ्या बघत उभ्या. मला वाटलं आता चकाकेल. तर ते पिवळं झालं, मग तपकिरी, कोऱ्या चहासारखं. मी म्हटलं, मॅडम, बिघडलं. त्या म्हणाल्या, नाही, जमलं. म्हटलं, चांदी कुठे? म्हणाल्या, हीच चांदी, इतकी बारीक झाली की तिचा रंगच बदलला. चांदी बारीक केली तर बारीक चांदी होईल ना? पिवळी कशी होईल? मग त्यांनी ती भाषणात भिंतीवर ठिपका दाखवायची लाल बॅटरी घेतली आणि साध्या पाण्याच्या ग्लासातून प्रकाश सोडला, काय दिसलं नाय. मग ह्या चहातून सोडला, तर आत लाल दोरा ताणल्यासारखी सरळ रेघ. म्हणाल्या, कण आहेत म्हणून प्रकाश दिसतोय. मी डोळ्यांनी बघितलं, आणि समजलं म्हणून मान हलवली, पण खरं सांगते, जास्तच गोंधळले.

त्यात एकदा हातमोजा फाटला आणि त्या खड्यांचं पाणी माझ्या बोटांना लागलं. तेव्हा काय दिसलं नाय, दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं काळी. साबण लावला, लिंबू लावलं, जाईना. मॅडम म्हणाल्या घाबरू नको, कातडी बदलेल तसं जाईल, आणि मला ओरडल्या पण, मोजा बघून का नाही घातलास म्हणून. देवळात हळदीकुंकवाला बायका माझ्या बोटांकडे बघत होत्या. आये त्यांना सांगत होती, रुप्याचा काम करता ती, रुप्यान तिची दृष्ट ओढून घेतली.

पहिल्यांदा त्या पाण्याचं प्रमाण जास्त झालं. बाटल्या इतक्या स्वच्छ की बघत राहावं, एक ढग नाय, पण केळ पण वाढेना, पानांच्या कडा तपकिरी, कोंब बसून राहिला. कमी केलं तर ढग परत. मग मधलं प्रमाण शोधलं, त्यात किती दिवस गेले ते विचारू नका. आणि एका सकाळी मी कपाट उघडलं तर बाटल्या स्वच्छ आणि आत हिरवी पानं, एकाला एक चिकटून, पोपटाच्या पिसांसारखी. मी प्रमिलाला हाक मारली, ती धावत आली, आणि तिने माझे काळे हात धरले.

पण थांबा, संपलं नाय. झाडं मोठी झाल्यावर त्यांना साध्या खाण्याच्या बाटलीत घातली, चांदी नसलेल्या, तर कितीतरी बाटल्यांत परत ढग! मॅडम टेबलावर डोकं टेकून बसल्या. म्हणाल्या, मेले नव्हते सुमन, दबून होते. मला त्या दिवशी त्यांची दया आली, एवढं शिकून माणूस असं बसतं. मी चहा करून दिला. परत चांदीत, परत साध्यात, असं करत करत शेवटी थोडी झाडं अशी निघाली की साध्या बाटलीत पण ढग आला नाय. तीच आमची. ती मातीच्या ट्रेत लावली, जाळीखाली ठेवली, हळूहळू उन्हाची सवय केली, आणि मग मी ती बसमधून मांडीवर घेऊन घरी आणली.

आये बघते तर पातळ पातळ पानं, गवतासारखी. ह्या काय? म्हणाली. मी म्हटलं, ही तुझी केळ. आणि संध्याकाळी बघते तर खाली खड्डे खणून शेण घालून तयार. ह्यांनी भोवती कुंपण केलं. हत्तीला कुंपण म्हणजे काय, पण केलं. 

आणि आता ऐका. झाडं गुडघ्याएवढी झाली असतील, आणि ती व्हाळाकडची बाजू साफ करताना, जिथे बांध पडला होता, त्या दगडांच्या फटीतून एक कोंब वर आलेला. आपोआप. जुन्या केळीचा, दगडाखाली एक कंद वाचलेला. आयेने दगड हलवले आणि ती तिथे खाली बसून रडली, हत्ती आला तेव्हा रडली नव्हती ती तेव्हा रडली. मी बाजूला उभी. मला आनंद झाला हां, खोटं बोलत नाय. पण मनात असं पण आलं की मगे आम्ही एवढं केलं ते कशाला? बोटं काळी केली, मॅडमनी डोकं टेकलं, आणि ही दगडातून आपली आली.

मॅडमना सांगितलं तर त्या खूष झाल्या, म्हणाल्या, फार चांगलं, आता दोन्ही बघता येतील, एकीत ते आतले जीव आहेत, एकीत नाहीत. मी विचारलं, मगे चव तीच लागेल काय? त्या म्हणाल्या, झाड तेच आहे. चवीचं मला माहीत नाही, सुमन. खरंच माहीत नाही. कोंब काढायचे झाले तर आधी मला सांग, आपण खूण करून ठेवू, कुठला कुठून आला ते.

दोन्हींना घड आले, चवथीच्या तोंडावरच. आयेने माटोळीला दोन्ही बांधले, शेजारी शेजारी. विसर्जनानंतर पिकले तेव्हा आम्ही सोप्यावर बसलो होतो, ह्यांनी दोन्हीतलं एकेक सोलून ताटलीत ठेवलं आणि म्हणाले, आये, सांग बघू जुनी खंयची नि लॅबची खंयची? तिने एक खाल्लं, सावकाश, मग दुसरं खाल्लं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, माझी परीक्षा घेतास? आणि उठून आत गेली. मी पण दोन्हीतली एकेक सोलून खाल्ली. मला दोन्ही आंबट लागली शेवटी. मग परत खाल्ली तर वाटलं एक जास्त, पण कुठलं ते ठरवेपर्यंत ताटलीत साली उलट्यापालट्या झालेल्या.

मी आयेला सांगून ठेवलं होतं, कोंब काढायच्या आधी मॅडमना विचारायचं आहे. ती हो म्हणाली होती. एक दिवस कामावरून येते तर अंगणात शेजारच्या बायका, आणि कोंबांचा ढीग. दोन्हीकडचे खणलेले, मातीसकट एकत्र टाकलेले, आणि आये वाटतेय! जिने जन्मात कोणाला कोंब दिला नाय ती बाई वाटतेय, घे गो, तू दोन घे, तुझ्या परसात पाणी आसा. मी कपाळावर हात मारला, म्हटलं आये, ह्यातलो लॅबचो खंयचो? ती म्हणाली, एकाच घरात ठेवली म्हणान हत्तीन एका दिवसात खाल्ली, आता गावभर जाऊंदे, किती खातलो तो. आणि मला पण कामाला लावलं, टोपल्यांत भरून द्यायला.

मॅडमना मी दोन दिवस सांगितलंच नाय. मग सांगितलं. त्या रागावतील वाटलं, त्या खुर्चीत मागे टेकल्या, वर पंख्याकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, मग आता काही कळायचा मार्ग राहिला नाही. आणि जरा वेळाने म्हणाल्या, एक कोंब मला पण हवा होता.

तर आता असं आहे. मी कामावर जाते, अननस कापते, बोटं कधीच स्वच्छ झाली. आये खाली जाते, वर येते, पूर्वीसारखी सगळ्यांना ओरडते. कोणाच्या परसात कुठली केळ वाढतेय ते मला माहीत नाय, आये म्हणते तिला माहीत आहे, पण सांगत नाय, आणि मला वाटतं तिला पण माहीत नाय. आत जीव असलेली बरी की नसलेली बरी, तेही मला कळलं नाय, मॅडमना कळलं तर त्या सांगतील. ज्याच्या दारात जी गेली ती तिथे पिको, पोरांच्या पोटात जावो, आणखी काय पाहिजे. तुमच्या परसात जागा आहे काय बाय? मग थांबा, काळोख पडायच्या आधी एक खणून देते, पानात बांधून. फक्त कुठला ते विचारू नका.